कोरियन हॉटेलात गेल्यावर मागवायचं काय आणि खायचं कसं?

मुक्काम_पोस्ट

मंडळी, आधी हसून घ्या, मग मदत करा.

गेल्या शनिवारी आम्ही दोन जोडपी पहिल्यांदाच कोरियन हॉटेलात गेलो. बायको वर्षभर कोरियन मालिका बघतेय आणि शहरात जिकडेतिकडे कोरियन पाट्या दिसायला लागल्यात, तेव्हा म्हटलं एकदा जाऊच. बसतोय न बसतोय तोच सात-आठ छोट्या वाट्या समोर येऊन पडल्या. आम्ही तर मेनूकार्डसुद्धा उघडलं नव्हतं. मित्र म्हणाला, दुसऱ्या टेबलाचं इकडे आलंय, हात लावू नका, बिलात लागेल. झालं, पंधरा मिनिटं आम्ही त्या वाट्यांची राखण करत बसलो.

मग प्रत्येकाने आपापलं एकेक मागवलं. बायकोने सुनदुबू-जिगे, मित्राने किमची-जिगे, त्याच्या बायकोने त्वेनजांग-जिगे. मी म्हटलं आपण जरा वेगळं घेऊ, म्हणून बुदे-जिगेवर बोट ठेवलं. वाढणाऱ्या बाईंनी दोन बोटं दाखवून काहीतरी विचारलं, मी आपली मान डोलावली. आलं ते परातीएवढं भांडं आणि खाली शेगडी! त्यात सॉसेज, डबाबंद मांस, वर चीजची चकती आणि अख्खं नूडल्सचं पाकीट. म्हणजे टेबलावर चार उकळते रस्से. आम्ही चौघं आपापल्या भांड्यात डोकं घालून, घाम पुसत, एक शब्द न बोलता जेवलो.

शेजारच्या टेबलावर सहाजण मधल्या शेगडीवर मांस भाजत होते, पानात गुंडाळून एकमेकांना भरवत होते आणि नुसते खिदळत होते. हॉटेल तेच, स्वयंपाकघर तेच. आमचंच काहीतरी चुकलं, पण काय ते कळत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा. दोघींपैकी एकीला मांसाहार चालत नाही, तेही लक्षात घ्या.

भटकभवानी

हाहाहा! वाट्यांची राखण!! अहो, ते बानचान, म्हणजे तोंडीलावणी. जेवणाबरोबर येतंच, त्याचे वेगळे पैसे नसतात. संपलं की पुन्हा मागायचं, पुन्हा आणून देतात. कोरियात तर हा जवळजवळ अलिखित करारच आहे. बाहेरच्या शहरांत काही ठिकाणी दुसऱ्या वाटीचे पैसे लावायला लागलेत, तेव्हा एकदा विचारून घ्यावं.

पुढचं वाचायला बसलेय.

काजवा

मी कामानिमित्त तीन वर्षं सोलमध्ये होतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो. मोठा प्रतिसाद होईल, सांभाळून घ्या.

तुमचं चुकलं ते एवढंच की तुम्ही माणशी मागवलंत. कोरियन जेवण टेबलाचं असतं. भात आणि सूप ज्याचं त्याचं, बाकी सगळं मधे. चौघं गेलात तर भाजायचं किंवा शिजायचं असं एक मोठं काहीतरी, एक रस्सा, एक कोरडा किंवा तव्यावरचा पदार्थ, आणि बानचान आहेच. तुम्ही चार जिगे मागवलेत. जिगे म्हणजे दाट, खारट, तिखट रस्सा, भाताबरोबर चमचा-चमचा खायचा. तो एकट्याने भांडंभर प्यायचा नसतोच, त्यामुळे घाम फुटणारच.

आता मेनूकार्ड. सगळी नावं लांबलचक आणि सारखीच वाटतात ना? शेवटाकडून वाचा. शेवटचं अक्षर पदार्थाचा प्रकार सांगतं, आधीचं त्यात काय आहे ते. शेवटी 'बाप' आलं की भाताचा पदार्थ: बिबिमबाप, किमबाप. 'म्योन' किंवा 'गुक्सू' आलं की नूडल्स. 'गुक' म्हणजे पातळ सूप, 'तांग' म्हणजे बराच वेळ उकळलेलं, हाडा-मांसाचं सूप, 'जिगे' दाट रस्सा, आणि 'जोनगोल' म्हणजे टेबलावरच्या शेगडीवर, तुमच्या समोर शिजणारा. 'गुई' भाजलेलं, 'बोक्कुम' परतलेलं, 'जिम' वाफवलेलं किंवा मंद आचेवर मुरवलेलं, 'जोन' म्हणजे पिठात बुडवून तव्यावर शेकलेलं. आता 'पाजोन' बघा: 'पा' म्हणजे कांद्याची पात, 'जोन' तव्यावरचं. 'किमची-बोक्कुमबाप' म्हणजे किमची (आंबवलेला तिखट कोबी) घालून परतलेला भात. असे दहाबारा तुकडे पाठ केलेत तर ऐंशी पदार्थांचं कार्ड वाचता येतं. पाठ करून जायचं नसेल तर एक साधा नियम: टेबलावर एकाच शेपटाचे दोन पदार्थ नकोत. तुमच्याकडे चार होते.

आणि ती दोन बोटं. त्या बाई 'इ-इनबुन' विचारत होत्या, म्हणजे दोन माणसांचं. बुदे-जिगे, जोनगोल आणि भाजायचं मांस बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांचंच मिळतं. मांसाचा एक इनबुन साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमचा. मान डोलावण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

मुक्काम_पोस्ट

काजवा, दंडवत. शेपटाकडून वाचायचं! बायको म्हणतेय, हे तिला मालिकेत का नाही सांगितलं.

खडूस

एवढा अभ्यास करून जेवायला जायचं असेल तर मी घरीच बरा. माझं मत विचाराल तर सगळं एकाच लाल पेस्टमध्ये बुडवलेलं असतं. गोड, तिखट, चिकट. त्याचे वर भरमसाट पैसे. मालिकांची हवा गेली की ही हॉटेलंही जातील.

काजवा

खडूसराव, लाल पेस्ट म्हणजे गोचुजांग. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ, हे मडक्यात महिनोन्‌महिने मुरवतात. त्यातला गोडवा मूळचा तांदळाचा, पण बाहेरच्या हॉटेलांत वरून साखर ओततात हे खरं. तक्रार तेवढ्यापुरती मान्य.

पण कोरियन जेवण लालच असतं हे काही खरं नाही. मिरची अमेरिका खंडातली, कोरियात ती साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीला पोचली असं मानतात. त्याआधीही तिथे लोक जेवतच होते. त्वेनजांग आणि गानजांग, म्हणजे सोयाबीनची पेस्ट आणि सोया सॉस, हा त्या स्वयंपाकाचा खरा पाया. हे सगळे जांग बनवण्याची परंपरा २०२४ साली युनेस्कोच्या यादीत गेली. पुढच्या वेळी सोल्लोंगतांग मागवा. बैलाची हाडं तासन्‌तास उकळून दुधासारखं पांढरं झालेलं सूप, मिठाचा कणही नसतो, मीठ आणि पात तुम्हीच टेबलावर घालायची. मिरची शोधूनही सापडणार नाही. मग बोलू.

खडूस

बघू.

निंबोणी

मूळ धाग्यातल्या शाकाहारी मैत्रिणीसाठी लिहितेय, कारण मी या आगीतून गेलेय.

दोन वर्षं मी कोरियन हॉटेलांत किमची हादडत होते. कोबी आहे, मुळा आहे, मिरची आहे, लसूण आहे, यात काय असणार? मग एक दिवस ओळखीच्या कोरियन बाईंनी घरी किमची करताना बोलावलं आणि माझ्या डोळ्यांसमोर बरणीतून चमचाभर बारीक, गुलाबी, खारवलेली कोळंबी त्यात पडली. सेऊजोत म्हणतात त्याला. त्यावर माशांचा खारवलेला अर्क, एक्जोत. नेहमीच्या किमचीत दोन्हींपैकी एक तरी असतंच, बहुतेक वेळा दोन्ही. मी त्या बाईंना म्हटलं, अहो, मी शाकाहारी. त्या म्हणाल्या, हो की, म्हणून तर यात मांस नाही!

गोम इथेच आहे. 'मांस नको' असं सांगितलं की मांसाचे तुकडे काढतात. रस्सा ज्या पाण्यात केला ते पाणी सुकवलेल्या छोट्या माशांचं (म्योल्ची) आणि केल्प या समुद्री शेवाळाचं असतं, ते कोणी मोजत नाही. त्वेनजांग-जिगेत तुम्हाला नुसतं टोफू आणि कोवळा भोपळा दिसेल, पण खाली म्योल्ची आहे. तोकबोक्कीच्या (तांदळाच्या चिवट वड्यांच्या) रश्शातही तीच, वर माशांच्या वड्या. सुनदुबूत (मऊ टोफूच्या रश्शात) शिंपले, शिवाय उकळत्या भांड्यात कच्चं अंडं फोडतात. जाजांगम्योनच्या काळ्या सॉसमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. बिबिमबापवरचं मांस काढलं तरी बरोबर येणाऱ्या गोचुजांगमध्ये खिमा परतलेला असू शकतो. हे मला चौथ्या वेळी कळलं.

मग खायचं काय? बटाट्याचं गामजा-जोन, ते बहुतेकदा नुसत्या किसलेल्या बटाट्याचं असतं. भाजलेलं किम, म्हणजे तिळाचं तेल आणि मीठ लावलेला समुद्री शेवाळाचा कागद. कोंगनामुल, म्हणजे सोयाबीनचे मोड, आणि पालकाचं नामुल, म्हणजे मसाला लावलेली भाजी. यात बहुतेकदा तिळाचं तेल आणि लसूण, पण फिश सॉस आहे का ते विचारा. उन्हाळ्यात मिळालं तर कोंगगुक्सू: सोयाबीन वाटून केलेल्या गार, दाट दुधात नूडल्स. दिसायला अगदीच साधं, पण मी त्याच्यासाठी दीड तास प्रवास करते. जापचे (रताळ्याच्या स्टार्चचे पारदर्शक नूडल्स) मांसाशिवाय आधी सांगून करून घेता येतं.

आणि मोठ्या शहरात एखादं बौद्ध मंदिर-भोजनाचं हॉटेल सापडलं तर सोडू नका. कोरियन भिक्षूंच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नाहीतच, पण लसूण, पात अशा पाच उग्र भाज्याही वर्ज्य. त्यामुळे किमचीसुद्धा कोळंबीशिवाय. बेग्यांग्सा मठातल्या जोंग क्वान या भिक्षुणीमुळे हे अन्न जगभर माहीत झालं. मी एकदाच खाल्लंय. कमळाच्या कंदाच्या चकत्या, रानभाज्या, जुनं मुरलेलं त्वेनजांग. पहिल्या दहा मिनिटांत मला वाटलं, याला चवच नाही. नंतर घरी आले आणि दोन दिवस सगळंच अति तिखट-मिठाचं लागत होतं.

भटकभवानी

निंबोणीताई, वाचनखूण साठवली. 'म्हणून तर यात मांस नाही' हे महान आहे.

उंबरठा

शाकाहाऱ्यांसाठी सांगायचं वाक्य कुणी देईल का? मी फोनवर भाषांतर करून दाखवलं तर वेटर हसला आणि चिकन आणलं.

निंबोणी

'कोगी प्पे जुसेयो' म्हणजे 'मांस काढून द्या'. पण वर लिहिलं तसं, एवढ्याने भागत नाही. मी सरळ यादी करते: कोगी (मांस), सेंगसॉन (मासे), सेऊ (कोळंबी), म्योल्ची, एक्जोत. पाचही कोरियन लिपीत कागदावर लिहून ठेवलेत, तो कागद स्वयंपाकघरात पाठवते. वेटरपेक्षा आत कळणं महत्त्वाचं. आणि हे सगळं गर्दीच्या वेळी नाही. दुपारी अडीच-तीनला जा, ते लोक आनंदाने बाजूला बसून सांगतात काय काय जमेल.

तिसरी_घंटा

आता शेजारच्या टेबलावर काय चाललं होतं त्याकडे वळू या का? माझा प्रांत तोच.

भाजण्याचं मांस मागवताना क्रम महत्त्वाचा. आधी न मुरवलेलं, नंतर मुरवलेलं. सामग्योप्साल (डुकराच्या पोटाचा भाग, 'साम' म्हणजे तीन, तीन थर दिसतात म्हणून) किंवा मीठ लावलेली गाल्बी, म्हणजे बरगडी, आधी. सोया सॉस, साखर आणि नाशपातीत मुरवलेली गाल्बी किंवा बुलगोगी शेवटी. उलट केलंत तर साखर जाळीला चिकटून करपते आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याला जळका वास येतो. जाळी काळी झाली की बदलून मागा, मागायला लाजू नका, ते तुमच्याकडून तीच अपेक्षा करतात.

सामग्योप्साल जाड असतं. पसरायचं आणि हात बांधून बसायचं. सारखं उलटंपालटं करणं हे नवख्याचं पहिलं लक्षण. खालची बाजू सोनेरी झाली की एकदा उलटा, मग चिमट्याने उचलून कात्रीने तुकडे करा. हो, कात्री. टेबलावर कात्री बघून मी पहिल्यांदा विचारलं होतं, पाकीट कुठलं फोडायचंय? कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा आणि शिजलेलं उचलायचा वेगळा ठेवा, डुकराचं मांस आहे. जाळी उतरती ठेवली असेल तर चरबी एका कडेला वाहत येते. तिथे किमची आणि लसणाच्या चकत्या टाका. त्या किमचीपुढे मांस मागे पडतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग स्साम. हातावर लेट्यूसचं पान, त्यावर केन्निपचं पान. मेनूकार्डावर बऱ्याचदा त्याला तिळाचं पान म्हणतात, पण ते तिळाचं नाहीच, पेरिलाचं आहे. वर मांसाचा एक तुकडा, नखाएवढं स्सामजांग (त्वेनजांग-गोचुजांगची पेस्ट), लसूण, हवी तर मिरची. गुंडाळा आणि एका घासात तोंडात. एका घासात! अर्धं चावून उरलेलं हातात धरलंत तर सगळं मनगटावरून कोपरापर्यंत येतं. तोंडात मावत नाही इतका घास करून दुसऱ्याला भरवणं हा त्या टेबलावरचा लाड असतो, तुम्ही पाहिलंत ते हेच.

मांस संपलं की जेवण संपलं असं समजू नका. त्यानंतर 'जेवण' येतं: छोटं त्वेनजांग-जिगे आणि भात, नाहीतर गार नेंगम्योन. म्हणजे मुक्काम_पोस्ट, तुम्ही जे मुख्य म्हणून मागवलंत ते या लोकांनी शेवटी मागवलं असणार.

कपड्यांचं काय ते सांगतो. वरून लोंबणारं धुराडं खाली ओढून मांसाच्या जवळ आणा, ते शोभेचं नसतं. स्टुलांची बैठक बऱ्याच ठिकाणी उचलता येते, आत पोकळी असते, कोट-पिशव्या त्यात. मला हे कळायच्या आधी मी नवा लोकरी कोट घालून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ म्हणाले, कुठेतरी छान स्वयंपाक चाललाय.

शून्य_प्रहर

बुदे-जिगेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. 'बुदे' म्हणजे लष्करी तुकडी. १९५०-५३ च्या कोरियन युद्धानंतर लोकांकडे खायला नव्हतं आणि अमेरिकी तळांवर डबाबंद मांस, सॉसेज, बीन्स होतं. तळातून बाहेर पडलेलं, उरलंसुरलं, चोरून आणलेलं, जे मिळेल ते किमची आणि मिरचीबरोबर उकळलं, तो हा रस्सा. सोलच्या उत्तरेला उइजोंगबूत मोठा तळ होता, तिथे आजही या रश्शाची अख्खी गल्ली आहे. कोरियात पहिले इन्स्टंट नूडल्स १९६३ साली आले, म्हणजे तुमच्या परातीतलं ते पाकीट नंतरची भर.

तुम्ही 'वेगळं काहीतरी' म्हणून मागवलंत आणि सॉसेज बघून नाक मुरडलंत. पण ते पाश्चात्त्य गिऱ्हाइकासाठी केलेलं नाही. कोरियन आजोबांच्या पिढीने उपाशीपोटी शोधलेला पदार्थ आहे.

मुक्काम_पोस्ट

शून्य_प्रहर, नाक मुरडलं होतं हे खरं. मित्राला म्हटलंसुद्धा होतं, हे काही अस्सल नाही. शब्द मागे घेतो.

अवलिया

अस्सल म्हणजे काय हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, पण एक सांगतो. जाजांगम्योन मुळात चिनी स्थलांतरितांनी इंचॉन बंदरात आणलं. आज कोरियन माणूस नव्या घरात सामान हलवलं की जमिनीवर बसून तेच खातो. 'एलए गाल्बी' म्हणून जे मिळतं, बरगडी आडवी कापून तीन हाडांच्या चकत्या दिसतात ती, तिच्या नावातच लॉस एंजेलिस आहे. अस्सलपणाच्या मागे लागू नका, गर्दीच्या मागे लागा. ज्या हॉटेलाचं कार्ड एका पानाचं आहे आणि त्यात चारच पदार्थ आहेत तिथे डोळे मिटून बसा. सुशी, नूडल्स, बार्बेक्यू आणि पिझ्झा सगळं देणाऱ्या ठिकाणी बसू नका.

खडूस

अवलियाशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवा.

चष्मा_कुठेय

पिण्याचं कुणी लिहिणार का? ऑफिसच्या कोरियन साहेबांबरोबर जेवण ठरलंय. मी एकदा स्वतःचाच पेला स्वतः भरला तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काजवा

स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. शेजाऱ्याचा रिकामा दिसला की आपण भरायचा, मग तो तुमचा भरतो. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन हात, किंवा एका हाताला दुसऱ्या हाताचा आधार. पिताना तोंड किंचित बाजूला वळवायचं, समोर नाही. अर्धा भरलेला पेला वर भरत नाहीत, रिकामा होऊ देतात. म्हणून नको असेल तर सोपा उपाय: पेला रिकामा करूच नका. पीतच नसाल तर पहिल्यांदाच सांगा आणि सरबताचा पेला त्याच पद्धतीने, दोन हातांनी धरा. हल्ली कोणी जबरदस्ती करत नाही.

सोजूची हिरवी बाटली निरागस दिसते, चव पाण्याजवळची, पण साधारण १६-१७ टक्के अल्कोहोल आहे. जुनी सोजू तांदळाची, गाळलेली. १९६५ साली धान्यटंचाईमुळे सरकारने सोजूसाठी तांदूळ वापरायला बंदी घातली, तेव्हापासून रताळं-टॅपिओकाच्या अल्कोहोलात पाणी आणि गोडवा घालून केलेली हिरव्या बाटलीतली सोजू रुळली. बंदी उठली तरी सवय राहिली. तांदळाची गढूळ माक्गोल्ली मात्र सौम्य, ६ टक्क्यांच्या आसपास, वाडग्यातून पितात. पाऊस पडायला लागला की माक्गोल्ली आणि पाजोन, हे तिथलं ठरलेलं.

आणि बिल. प्रत्येकाने आपलं-आपलं काढू नका, गल्ल्यापाशी गर्दी होते आणि साहेबांना कसंतरी होतं. एकजण देतो. तुम्हाला परतफेड करायची असेल तर 'इ-छा'चं, म्हणजे पुढच्या ठिकाणच्या दुसऱ्या बैठकीचं, तुम्ही द्या.

चष्मा_कुठेय

दुसरी बैठक?? मी दहाला झोपतो हो.

एकटा_जीव

एकट्याने जायचं असेल तर? मला दोनदा दारातून परत पाठवलं. एकदा म्हणाले एका माणसाला मांस देत नाही, दुसऱ्यांदा नुसताच हात हलवला.

भटकभवानी

भाजण्याच्या बऱ्याच ठिकाणी एकट्याला देत नाहीत, शेगडी पेटवून एक इनबुन परवडत नाही त्यांना. बिबिमबाप, सोल्लोंगतांग, सुनदुबू, किमबाप, नेंगम्योन असल्या ठिकाणी बिनधास्त जा. दगडी भांड्यातलं दोलसोत-बिबिमबाप मागवलंत तर लगेच कालवू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, तळाला भाताची कुरकुरीत खरपुडी धरते, नुरुंजी. मग खालून वर कालवा. आणि भांड्याला हात लावू नका. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

काजवा

भात आणि सूप-रस्सा चमच्याने, बाकी काड्यांनी. काड्या धातूच्या, चपट्या आणि निसटत्या असतात, त्याला इलाज नाही, सरावच. वाटी हातात उचलून तोंडाला लावत नाहीत. आणि चमचा किंवा काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, त्यावरून पितरांच्या विधीची आठवण होते. चमचे-काड्या दिसत नसतील तर टेबलाच्या कडेला ड्रॉवर शोधा. वेटरला हाक मारायची तर टेबलावर घंटीचं बटण असतं, नसेल तर 'योगीयो!', म्हणजे 'इकडे!'. मोठ्याने. तिथे हे उद्धट नाही.

शून्य_प्रहर

नेंगम्योनचा उल्लेख दोनदा आला म्हणून सावध करतो. बर्फ घातलेला गार रस्सा येतो. मी पहिल्यांदा परत पाठवला होता, गरम करून द्या म्हणून. आतून आचारी स्वतः बाहेर आला मला बघायला.

दोन प्रकार. प्योंगयांगचं बकव्हीटचं, सहज तुटणारं, गार पातळ रश्शात, चव इतकी मंद की पहिल्या वेळी फसवणूक वाटते. हामहुंगचं स्टार्चचं, रबरासारखं चिवट, तिखट सॉसमध्ये कालवलेलं. दोन्ही उत्तरेकडची शहरं. युद्धात दक्षिणेला आलेल्या निर्वासितांनी दुकानं काढली आणि ते खाली रुजलं. २७ एप्रिल २०१८ ला दोन्ही कोरियांचे नेते भेटले तेव्हा किम जोंग-उन यांनी प्योंगयांगहून नेंगम्योन आणवलं आणि त्या दुपारी सोलमधल्या नेंगम्योनच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. व्हिनेगर आणि मोहरी टेबलावर असते. आधी रस्सा तसाच चाखा, मग घाला.

मुक्काम_पोस्ट

वृत्तांत द्यायला आलोय. काल पुन्हा गेलो, तेच चौघं, तेच हॉटेल. दुपारी तीनला.

निंबोणीताईंचा कागद आधी आत पाठवला. स्वयंपाकघरातून मालकीणबाई बाहेर आल्या, कागद वाचला, वाट्यांतली किमची आणि आणखी एक वाटी बोटाने दाखवून 'नाही' म्हणाल्या, बाकी पाचांवर मान डोलावली. गामजा-जोन आणि मांसाशिवाय जापचे करून दिलं. मित्राची बायको या वेळी खरोखर जेवली. गेल्या वेळच्या त्वेनजांग-जिगेबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही इथे गप्प बसा.

आम्ही तिघांनी दोन इनबुन सामग्योप्साल आणि मग एक मुरवलेली गाल्बी. कात्री माझ्याकडे होती. मी तीनदा उलटलं. मालकीणबाईंनी काही न बोलता माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि पुढचं सगळं स्वतः भाजलं. चरबीतली किमची: तिसरी_घंटा, मान्य. बायकोने पहिला स्साम करून माझ्या तोंडात कोंबला, लसणाच्या तीन चकत्या घालून. मला दोन मिनिटं बोलता येत नव्हतं, तिला म्हणे त्याचाच आनंद झाला.

शेवटी एक नेंगम्योन चौघांत. मित्र म्हणाला, हे गरम करून मिळेल का? मी टेबलाखालून त्याला लाथ मारली.

तिसरी_घंटा

तीनदा उलटलंत??

खडूस

सोल्लोंगतांग खाऊन आलो. काजवा, मीठ किती घालायचं असतं? मी जरा जास्तच घातलं बहुतेक. पुन्हा जाऊन बघतो.